तातेरावांच्या पेटीतला फोन

सोनाजी खिल्लारेला माणसांचा राग फारसा यायचा नाही. त्याला राग यायचा तो वाया जाण्याचा. नळ वाहत राहिला, ट्रक रिकामा परतला, कुणी एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहून ठेवली, की याच्या कपाळाची शीर उठलीच. अशा माणसानं हिंगोलीत तातेराव मालकाच्या ट्रान्सपोर्टमध्ये कारकून म्हणून चिकटावं, याला नशिबाची थट्टाच म्हणायची. तिथं वाया जात नव्हती अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे मालकाचा चहा.

जवळा बाजारच्या जळबा आणि भागूबाई खिल्लारेचं हे थोरलं पोरगं. बौद्ध वस्तीतून कॉलेजची पायरी चढलेलं पहिलंच. साल सत्याहत्तर, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. सकाळी कॉलेज आणि अकरापासून दिवेलागणीपर्यंत ट्रान्सपोर्टचं ऑफिस. ऑफिस म्हणजे धान्यबाजाराच्या मोंढ्याजवळचा एक पत्र्याचा गाळा, त्यात मालकाची गादी, सोनाजीचं टेबल आणि भिंतीला ठोकलेली शिसवी पेटी. त्या पेटीत टेलिफोन होता.

पेटी मकबूल मिस्त्रीनं मापानं बनवली होती. पुढून काच, काचेला पितळी चौकट आणि चौकटीला बोटभर लांब कुलूप. फोनपेक्षा पेटीच महाग पडली, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दसऱ्याला तिला झेंडूची माळ चढायची, हळद-कुंकू लागायचं. किल्ली तातेरावांच्या करदोड्याला असायची, आणि करदोडा तातेरावांच्या कमरेला, म्हणजे ते जिथं जातील तिथं. मालक मोंढ्यात गेले, जेवायला गेले, दुपारी घरी आडवे झाले, की फोन आतल्या आत वाजत राहायचा. सोनाजी काचेतून त्याच्याकडं बघत राहायचा. असून अडचण आणि नसून खोळंबा म्हणतात, तो खोळंबा त्यानं तीन वर्षं डोळ्यांनी पाहिला.

"मालक, किल्ली ठिवत जा ना माझ्यापाशी," तो एकदा म्हणाला होता. "माल भरायचे फोन येऊन राहिलेत, कुनी उचलत न्हाई."

"अरे, बिल किती येतंय ठाऊक हाय का?" तातेराव म्हणाले.

"आलेल्या फोनचं बिल येत न्हाई मालक."

तातेरावांनी पान तोंडात सरकवलं आणि रस्त्याकडं पाहू लागले. विषय संपला. बिलाचं कारण खरं असतं तर ड्रायव्हर कय्युमला त्यांनी फोन दिला नसता. कय्युमची बायको शहनाज नांदेडला दवाखान्यात होती तेव्हा मालकानं स्वतः पेटी उघडून त्याच्या कानाला फोन लावून दिला होता. सोनाजीनं तीन वर्षं त्यांची सगळी लिखापढी केली, पण बोलायचं ते नळकांडं त्याच्या तोंडाजवळ कधी आलं नाही. का आलं नाही, हे सांगायला कॉलेज लागत नव्हतं. ते त्याला जन्मापासून पाठ होतं.

कॉलेजात मात्र नवंच काहीतरी कानावर यायचं. व्यापार शिकवणारे सर सांगायचे की धंदा माल आणि पैसा या दोघांवर चालतो ही जुनी समजूत झाली, तिसरी गोष्ट म्हणजे माहिती. "माहिती वेळेवर पोचली तर ती माहिती, उशिरा पोचली तर ती नुसती बातमी." सोनाजीला ते वाक्य इतकं लागलं की त्याला सगळा मोंढा त्या चष्म्यातून दिसायला लागला. कोणता ट्रक कुठं अडकला हे पानवाल्याला माहीत, हमालांना माहीत, स्टँडवरच्या कुत्र्यालाही माहीत असेल. फक्त ज्यानं ठरवायचं त्याला माहीत नाही. यंत्रं आली म्हणून धंदा सुधारत नाही, यंत्राजवळ कोण बसतो त्यावर सुधारतो, असं त्यानं निबंधात लिहिलं. सरांनी खाली शेरा मारला, "अक्षर चांगले आहे."

मग त्यानं आपल्याच ऑफिसात करून बघायचं ठरवलं. एक काळा फळा आणला, त्यावर तीन ट्रकांची नावं लिहिली, कोणता कुठं गेला, कधी परतणार, परत येताना माल आहे की नाही. फळा टांगून दोन घटका झाल्या नाहीत तोच तातेराव आले. त्यांनी तो नीट वाचला आणि उलटा करून भिंतीला लावला.

"आपली गाडी कुठं हाय हे साऱ्या गावाला काहून सांगून राहिलास रे?"

"गावाला न्हाई मालक, आपल्यालाच कळावं म्हनून."

"मला कळायचं ते कळतंय."

त्याच आठवड्यात कय्युम अकोल्याहून रिकामा ट्रक घेऊन आला. वाटेत वाशीमला एका व्यापाऱ्याचा हळदीचा माल गाडीची वाट बघत पडला होता. त्या व्यापाऱ्यानं दोनदा फोन केला होता, पेटीतला फोन दोनदा वाजून गप्प झाला होता. वाशीमवरून रिकामा येणारा ट्रक आणि वाशीमला पडलेला माल, दोघांच्या मधे एक काच. सोनाजीला त्या रात्री भाकर गोड लागली नाही.

अशात फेब्रुवारीत कॉलेजची सहल औरंगाबादच्या एका कारखान्यात गेली. बाकीची पोरं यंत्रांपेक्षा कँटीनमधला वडा बघत होती. सोनाजीला एका थंड खोलीत कपाटाएवढी यंत्रं दिसली. जाड पुठ्ठ्याची कार्डं, त्यांना बारीक चौकोनी भोकं, आणि यंत्र ती कार्डं पत्ते पिसल्यासारखी फराफरा वेगळी करत होतं. शेकडो कामगारांचा पगार, हजेरी, रजा, सगळं.

"यावर मानसाचं नाव कुठं असतं सर?" त्यानं तिथल्या साहेबांना विचारलं.

"नावाचीही भोकंच असतात," साहेब हसले. "यंत्राला काय, कुणीही सारखाच."

ते वाक्य ऐकून सोनाजी तिथंच उभा राहिला. त्याच्या गावात माणसं वेगळी करायला यंत्र लागत नव्हतं, आडनाव पुरत होतं. आणि इथं एक यंत्र होतं ज्याला आडनाव वाचताच येत नव्हतं. त्याला त्या खोलीत नोकरी हवी झाली. त्याचे प्रश्न ऐकून साहेबांनी त्याला थांबवून घेतलं, आकड्यांची एक छोटी परीक्षा घेतली, आणि ती त्यांना आवडली.

"मे महिन्यात दोन जागा भरायच्यात. तेव्हा घाई असेल, टपालाच्या भरवशावर बसता येणार नाही. फोन आहे का?"

"आहे सर," सोनाजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. हिंगोली एकोणसाठ, पी.पी. सोनाजी खिल्लारे, म्हणजे फोन दुसऱ्याचा, बोलावून द्यायचं ते सोनाजीला.

हिंगोलीत परतल्यावर त्यानं मालकाला सगळं सांगितलं. चोरून काही करायचं नाही हा भागूबाईचा धाक होता. तातेराव ऐकून मोठ्या मनानं हसले.

"येऊ दे की फोन. आपला फोन काय परका हाय? आला तर मी सोता हाक मारीन तुला."

सोनाजीचा जीव भांड्यात पडला. परीक्षा झाली. मे उजाडला. ऊन असं की पत्र्याखाली बसणारा माणूस भाजून निघावा. तरी सोनाजी दुपारी जेवायलासुद्धा उठेना, फोनकडं तोंड करूनच डबा खायचा. साहेबांशी कसं बोलायचं हे त्यानं घोकून ठेवलं होतं. एक दिवस मालकानं वारंगा फाट्याला बंद पडलेल्या ट्रकचा माल दुसरीकडं भरायला पाठवलं, तेव्हा तो जीव मुठीत धरून गेला आणि आल्या आल्या विचारलं, "आला का?" मालकानं नकारार्थी मान हलवली.

त्याच आठवड्यात तातेराव बायकोच्या भाच्याच्या लग्नाला नांदेडला निघाले. तीन दिवस मुक्काम.

"मालक, किल्ली," सोनाजी म्हणाला. हात पुढं करायचं मात्र त्याला झालं नाही.

"किल्ली काय म्हनून?"

"माझा फोन आला तर?"

"आलेला फोन कुठं जातो? परत येतो." असं म्हणून तातेराव रिक्षात बसले. करदोड्याला किल्ली झुलत होती.

पहिल्याच दिवशी भर दुपारी फोन वाजला. परगावाहून लावलेल्या ट्रंक कॉलची घंटी वेगळी असते, लांबलचक, दम न खाणारी. सोनाजी पेटीसमोर उभा राहिला. काचेपलीकडं तो काळा फोन थरथरत होता. हात लावला तर काचेतून कंप कळत होता. मग तो थांबला. सोनाजी तसाच उन्हात टेलिफोन ऑफिसकडं पळत सुटला.

तिथं बोर्डावर शकुंतलाबाई बसायच्या. कानाला यंत्र, पुढं वायरींचं जंजाळ. "बाई, एकोणसाठला आत्ता फोन कुठून होता? औरंगाबादहून का?"

"तसं सांगता येत नाही बाबा. नियम आहे."

"बाई, नोकरीचा हाय हो."

बाईंना वाईट वाटलं ते दिसलं, पण नियमही त्यांच्या नोकरीचाच होता. "ट्रंक होता एवढंच सांगते. पुन्हा बुक केलाय, लागेल थोड्या वेळात. आता तरी उचला. उचलायसाठीच असतो फोन."

सोनाजी परत आला तेव्हा दारात कय्युम ट्रकचं चाक खोलून बसला होता. घामानं निथळणाऱ्या सोनाजीनं त्याला सगळं सांगितलं. कय्युमनं हातातली चाक खोलायची लोखंडी टॉमी पुढं केली.

"मालक जीव घेईल," सोनाजी म्हणाला.

"अरे यार, औरंगाबादला गेलास की मालक कौन? अन् न्हाई गेलास तर हाच पत्रा हाय जिंदगीभर. तोड."

टॉमी हातात धरून तो किती वेळ उभा होता त्याचं त्यालाच कळलं नाही. आपण घर फोडतोय असं त्याला वाटत होतं. दुसरीकडं असंही वाटत होतं, की फोन तर माझ्यासाठी वाजणार आहे, मग चोर कोण? तेवढ्यात घंटी सुरू झाली. सोनाजीनं डोळे मिटून टॉमी कुलपात घातली आणि सगळा भार टाकला. पितळी चौकट कडाडली, काचेला तडा गेला. त्यानं फोन उचलला, कानाला लावला, आणि घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"सर नमस्कार, मी सोनाजी खिल्लारे बोलतोय, ती आकड्यांची परीक्षा मीच दिली होती, मी उद्याच हजर होऊ शकतो सर."

पलीकडून लग्नाची वाजंत्री ऐकू आली.

"कुलूप कुनी उघडलं?" तातेराव म्हणाले.

सोनाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मालक... तुमी?"

"मी गावाला गेलो की रोज दोनदा लावतो फोन. कुनी उचलला न्हाई की समजायचं, सगळं बराबर हाय. आज उचलला गेला." मग आवाज चढला. "अन् तोंड लावून बोलून राहिलास त्याला? ठिव खाली! उद्यापासून पायरी चढू नको माझी."

फोन ठेवून सोनाजी मालकाच्या गादीवरच बसला. मालक गावाला गेल्यावर वाजणाऱ्या ज्या घंटीसाठी त्यानं तीन वर्षं जीव जाळला, एखाद्याचा माल पडून राहिला, एखाद्याचा निरोप चुकला म्हणून हळहळला, ती घंटी त्याच्यावरच्या पहाऱ्याची होती. उत्तर आलं नाही हेच मालकाला हवं असलेलं उत्तर. पैसा खर्च नाही, कागद नाही, चूक नाही. कॉलेजात पुस्तकातून जे शिकला त्यापेक्षा पक्की व्यवस्था तातेरावांनी एका कुलपावर उभी केली होती, आणि हा शहाणा रोज तिच्यासमोर बसून डबा खात होता! त्याच्या अंगाची लाही लाही झाली. मालकावर झाली तितकीच स्वतःवरही झाली.

"आता?" कय्युमनं विचारलं.

"आता वाट बघनं बंद," सोनाजी म्हणाला. "सोता जातो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं तो निघाला. परभणीला गाडी बदलली, धुळीनं पांढरा झाला, आणि दुपारी त्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभा राहिला. वाटभर त्यानं कुलूपतोडीची हकिकत कशी सांगायची ते जुळवलं होतं. फोन उचलता आला नाही, माफ करा, आमच्याकडं पेटीला कुलूप असतं. साहेबांनी त्याला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"अरे, तुम्ही कसे काय इकडे?"

"सर, तुमचा फोन आला असेल, पण आमच्याकडं तो उचलायला..."

"छे, छे, उचलला ना," साहेब म्हणाले. "आम्ही सोमवारीच केला होता."

सोमवारी सोनाजी वारंगा फाट्यावर हळदीची पोती मोजत होता. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

"तुमचे मालक होते. म्हणाले, मुलाला आम्ही इथंच कायम केलंय, पगार वाढवलाय, त्याला यायचं नाही. चांगली बातमी म्हणून आम्हीही आग्रह केला नाही. दोन्ही जागा काल भरल्या." साहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्यांचाच आवाज खाली आला. "ऐकण्यात चूक झाली म्हणावं तर तसंही नाही हो. ट्रंक कॉलला निम्मं बोलणं कळत नाही एरवी. पण त्या दिवशी पहिल्याच घंटीला उचलला, आणि लाईन इतकी साफ होती, की त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला."