रंगुबाईंनी लावलेली गोष्ट

रंगुबाई पाटणच्या शाळेत झाडलोट करायच्या. रोज शाळा सुटली की आठवीच्या वर्गात पडलेल्या कागदाच्या पट्ट्या वेचून त्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवत. कदम सर इंग्रजी गोष्ट वाक्यावाक्यानं कापून मुलांना क्रम लावायला देत, त्या ह्या पट्ट्या. मुलं चुकत. पगाराला अंगठा उठवणाऱ्या रंगुबाईंची गोष्ट मात्र कधी चुकत नसे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली सहामाहीचा इंग्रजीचा पेपर फुटला आणि सरांना संशय आला. बाई इंग्रजी जाणते, लपवते. तिला कामावरून काढावं, असा अर्ज लिहून त्यांनी खिशात ठेवला. त्या दिवशी नवी गोष्ट कापून वर्गात विखुरली आणि ते दाराआड उभे राहिले.

रंगुबाईंनी पट्ट्या गोळा केल्या, अक्षरं खाली करून पालथ्या घातल्या आणि कात्रीनं वाकडी झालेली एकेक कड दुसरीला जुळवत गेल्या.

"बाई, हे कशासाठी?" सर पुढे आले.

"एकाच कागदाच्या हाईत न्हवं? मग इस्कटून कशाला ठिवायच्या?"

सरांनी खिशातला अर्ज काढून फाडला. रंगुबाईंनी हात पुढे केला.

"द्या हिकडं गुरुजी, ह्यो बी जुळवून ठिवते."