मिसच्या नावावर खपवलेली चूक

मी माझ्या मुलीला फसवलं, आणि मग तिला हाताशी धरून तिच्या मिसला फसवलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

पाडलेल्या इमारतींतली दारं, खिडक्या, ग्रिल मी उचलतो आणि विकतो. वरसाव्याला गुदाम आहे, पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये घर. महाडकडच्या गावातून सातवी पास होऊन आलो, बाकीचं सगळं इथे उभं केलं. इंग्रजी मला येत नाही. अक्षरं जुळवून पाटी वाचतो, सही झोकात करतो — पण चार ओळींचा मजकूर आला की डोळे नुसते वरून फिरतात. घरात हे उघडं कसं पडलं नाही? चिडून. कुणी इंग्रजी कागद पुढे केला की मी चिडायचो, कागद मागे जायचा.

पूर्वा तेव्हा नववीत होती. दुसऱ्या दिवशी इंग्रजीची टेस्ट. एरवी उजळणी तिची आई घ्यायची, पण ती माहेरी गेलेली. पूर्वाने मिसनी दिलेला कागद माझ्या हातात ठेवला.

"बाबा, मी बोलते. तुम्ही बघून बरोबर की चूक एवढंच सांगा."

एवढंच. तेव्हा म्हणता आलं असतं ना, की बाळा, मला हे वाचता येत नाही? तोंड उघडलंही होतं. बाहेर पडलं ते — "हं, बोल."

ती सांगत गेली, मी मान डोलवत गेलो. मग म्हणाली, सिमिली म्हणजे 'लाइक' किंवा 'ॲज' लावून केलेली तुलना, आणि मेटाफर म्हणजे तसं काही न लावता थेट केलेली. सांगताना आवाज जरा हलला. धंद्यात समोरच्याचा आवाज हलला, की तो चुकीचा भाव सांगतोय हे मी ओळखतो. त्यावरच तर कमावलंय. मी म्हटलं, "उलटं सांगतेयस."

"पण मिसनी तर —"

"कागद तुझ्या हातात आहे का माझ्या?"

तिनं उलटं पाठ केलं. पुढे उताऱ्याचा प्रश्न आला — लिहिणाऱ्याने स्पष्ट न सांगितलेलं काय समजतं, ते लिहा. मी ठणकावलं, लिहिलंय तेवढंच लिही, जास्त डोकं लावू नकोस. तेही तिनं ऐकलं. बापाचं ऐकलं — दुसरं काय करणार होती? कागदही मी परत दिला नव्हता.

टेस्टमध्ये ती नापास झाली. आतापर्यंत कधी झाली नव्हती. घरी आली, पेपर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मी आधी म्हणत होते तेच बरोबर होतं." आवाज न चढवता म्हणाली. मला वाटलं, आता हिला कळलं. आणि मला राग आला. तिचा नाही — मिसचा.

रेखा मिसवर माझा जुना राग होता. पालकसभेत त्या माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागल्या, माझा चेहरा पाहिला आणि हिंदीवर आल्या. बाकीचे पालक बघत होते. त्यांनी ते माझ्या सोयीसाठी केलं होतं, हे आज समजतं. तेव्हा मी ते मनात धरून ठेवलं.

आमच्या धंद्यात जोडीला मान हलवणारा लागतो. मी गिऱ्हाइकाला सांगतो, कालच एक सेठ या दाराला जास्त देऊन जात होता. शेजारी उभा असलेला माझा मेव्हणा नुसती मान हलवतो. गिऱ्हाईक माझ्यावर नाही, त्या मानेवर विश्वास ठेवतं. शाळेत जाताना स्कूटरवर मी पूर्वाला म्हटलं, "तू नुसती मान हलव. बोलायचं काम माझं."

मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये, रेखा मिससमोरच, मी आवाज चढवला. "मॅडम, टेस्ट के पहले मेरी बेटी पूछने गई थी. इसी टीचर ने जल्दी जल्दी में उल्टा बताया." मॅडमनी पूर्वाला विचारलं. तिनं मान हलवली.

रेखा मिसनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी बोटं चोळत होती. मग त्या म्हणाल्या, "हो सकता है, मॅडम. बोल दिया होगा मैंने."

मी जिंकलो. परत टेस्ट घेतली, पूर्वाला चांगले मार्क पडले. मिस हंगामी होत्या. पुढच्या जूनमध्ये त्या शाळेत नव्हत्या. काढलं, की त्याच गेल्या? मी विचारलं नाही. सगळीकडे भांडून विचारणारा मी — इथे नाही विचारलं.

पूर्वा आता अकरावीत आहे. कुठलाही इंग्रजी कागद आला की मी काही म्हणायच्या आत ती म्हणते, "बाबा, यात असं लिहिलंय," आणि मराठीत सांगून टाकते. जेवढं लागेल तेवढंच. तिला माझ्याबद्दल किती माहीत आहे, हेही मी विचारलेलं नाही.

माल आणणाऱ्याला, टेम्पोवाल्याला, बिल्डरला — आयुष्यभर मी दुसऱ्यांना जाब विचारत आलो. या प्रकरणाचाही जाब कुणीतरी द्यायलाच हवा. रेखा मिसनी दिला, तो त्यांचा नव्हता. पूर्वा अजून देतेय, तिचाही नाही. मग तो तिनंच मला विचारावा — घरात, आईसमोर, मोठ्या आवाजात. आणि मी चिडून उठायला लागलो, तर मला उठू देऊ नये.