गळाच्या चौतीस काठ्या आणि एक कपाट

ऑर्विल हॉगस्टाडच्या गॅरेजमध्ये गाडी कधी मावलीच नाही. जानेवारीत पारा शून्याच्या तीस अंश खाली गेला तरी गाडी बाहेर कुडकुडत उभी, आणि आत भिंतींवर, हाताने ठोकलेल्या खुंट्यांवर, गळाच्या चौतीस काठ्या ऐषारामात आडव्या. प्रत्येकीला स्वतःचं रीळ. सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचं काम मर्नाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. खरवडता खरवडता ती गॅरेजच्या दाराकडे जे बघायची, ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

खरं तर आमच्या मिनेसोटात उन्हाळ्यात एका माणसाला पाण्यात एकच दोरी सोडता येते. नदीपलीकडे विस्कॉन्सिनवाल्यांना तीन चालतात, आणि हा अन्याय ऑर्विलच्या मनाला कायम खुपत आलेला. त्यावर तोड म्हणून लग्न झाल्यावर पहिल्याच वसंतात त्याने जोडप्याचा परवाना काढला. दोन नावं, दोन दोऱ्या. मर्नाला मासेमारीत काडीचा रस नव्हता, पण कायद्याच्या दृष्टीने ती होती ऑर्विलची दुसरी काठी. तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं केटल तळ्यावर तो नावेच्या मागच्या बाजूला मोटरजवळ बसायचा, ती पुढे. नाव थांबली की तो तिच्या गळाला जळू लावायचा, दोरी फेकायचा, काठी तिच्या हातात द्यायचा आणि पाठ फिरवून आपल्या दोरीकडे बघत बसायचा. मर्ना काठी मांडीखाली दाबायची आणि विणकाम काढायची.

आता तिने एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. ऑर्विलची पाठ फिरली, की ती हळूच दोरी गुंडाळून घ्यायची, गळावरची जळू सोडवायची आणि पाण्यात टाकून द्यायची. मग नुसता गळ पुन्हा पाण्यात. वर लाल बूच तरंगतंय, खाली काही नाही. पहिल्या वर्षी कारण साधं होतं. मासा लागला की विणकाम ठेवावं लागतं, टाके सुटतात, लोकरीला वास लागतो. पुढे कारण बदललं, पण ते तिने स्वतःशीसुद्धा कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

तासाभराने ऑर्विल तिची दोरी वर घ्यायचा आणि मान हलवायचा.

"पुन्हा खाऊन गेले बघ. तुला कळलंसुद्धा नाही?"

"नाही बाई. काही हललंच नाही."

"हं," ऑर्विल म्हणायचा आणि नवी जळू लावायचा.

चव्वेचाळीस वर्षांत मर्नाला एकदाच मासा लागला, एक्क्याण्णव साली. आमच्या भागात वॉलाय म्हणतात तो, काचेसारख्या डोळ्यांचा. काठी एकदम वाकली, मर्ना किंचाळली, ऑर्विल जाळं घेऊन वळेपर्यंत मासा पसार. त्या माशाची गोष्ट ऑर्विल चर्चच्या तळघरातल्या प्रत्येक जेवणात सांगायचा. एक्क्याण्णव साली तो सहा पौंडांचा होता. अलीकडे चौदाचा झाला होता, आणि अजून वाढतोय अशी लोकांना खात्री होती.

तर या हिवाळ्यात ऑर्विलच्या गुडघ्याने राजीनामा दिला. बर्फ उपसणं बंद, जिना बंद. मुलीने, कॅरिनने, गावातल्या एका इमारतीत त्यांच्यासाठी दोन खोल्या पाहिल्या. गॅरेज नाही. तळमजल्यावर सामानाला एक कपाट. कॅरिनने ते फूटपट्टीने मोजलं आणि फोन केला, "बाबांना सांग, काठ्या आठ. नवव्या काठीला दार लागणार नाही."

मर्नाला त्या आठसुद्धा जास्त वाटल्या.

"माणसाला काठ्या लागतात किती?" तिने जेवताना विचारलं. "दोरी एक. परवान्यावर नावं दोन. झाल्या दोन काठ्या."

ऑर्विलने हॉटडिशचा, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाटा-खिम्याचा, घास गिळला. "तुझ्याकडे हॉटडिशची भांडी किती?"

"सात."

"तोंडं किती?"

"भांडी मी कपाटात ठेवते. त्यांच्यासाठी गाडी बाहेर नाही काढली."

शेवटी तह झाला. एप्रिलच्या एका शनिवारी दोघांनी गॅरेजमध्ये उभं राहायचं. ऑर्विलने एकेका काठीचं कारण सांगायचं. मर्नाला पटलं तर काठी नव्या घरी, नाही पटलं तर लाइलच्या ट्रकमध्ये. लाइलचं तळ्याकाठी आमिषांचं दुकान. गावातल्या निम्म्या जळवा त्याच्या आणि सगळ्या बातम्याही त्याच्याच. जुन्या काठ्या तो दुकानात ठेवणार होता. ठरल्या वेळेच्या आधी अर्धा तास येऊन तो ट्रकला टेकून उभा राहिला, कारण असला तमाशा फुकट कुठे मिळतो?

"ही?" मर्नाने पहिली काठी खाली काढली.

"वॉलायची. वाऱ्याच्या दिवशी."

"आणि ही?"

"ही पण वॉलायची. वारा नसतो त्या दिवशी."

"बरं. ही दांडगी कसली?"

"मस्कीची. मस्की म्हणजे हाताएवढा नाही, पायाएवढा मासा."

"तू मस्की कधी धरलास?"

"नाही धरला. पण लागला तर?"

"लाइल!"

लाइल आनंदाने पुढे झाला. मस्कीची काठी गेली. बर्फात भोक पाडून मासे धरायच्या दोन बुटक्या काठ्या राहिल्या, हिवाळ्यात दोन दोऱ्या चालतात म्हणून.

"हिचं तर टोक मोडलंय."

"मोडण्याआधी चांगली होती."

"हे कारण झालं?"

"आपल्या दोघांबद्दल पण लोक हेच म्हणतात."

मर्नाला हसू आलं, पण काठी ट्रकमध्ये गेलीच. तासाभरात समोरची भिंत रिकामी झाली. पंधरापैकी सहा राहिल्या, नऊ गेल्या. मर्ना मनातून खूश होती. इतकं सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं. ती मागच्या भिंतीकडे वळली. तिथे अजून एकोणीस होत्या.

"त्यांना राहू दे," ऑर्विल म्हणाला.

"का? कारण सांग."

"त्या माझ्या नाहीत. तुझ्या आहेत."

मर्नाला वाटलं थट्टा करतोय. तिला नावेत दर वेळी कुठली ना कुठली काठी हातात मिळायची, आणि तिला सगळ्या सारख्याच दिसायच्या. तिने सगळ्यात वरची काढली. मुठीला पांढरी पट्टी चिकटवलेली होती, आणि पट्टीवर शाईने, शाळेची बस चालवायचा तेव्हा ऑर्विल हजेरीपटावर काढायचा त्या गोल अक्षरात लिहिलं होतं: *मर्ना, ७९. फार कडक. माशाने तोंड लावलेलं हिला कळत नाही.*

तिने पुढची काढली. *मर्ना, ८४. टोक मऊ. तरी खाऊन गेले.*

त्याच्या खालची. *मर्ना, ९२. मोठा गेल्या वर्षी सुटला. दोरी जाड घातली.*

मग एक हलकी करडी काठी. *मर्ना, २००३. उजवं मनगट दुखतं. रीळ निम्म्या वजनाचं.*

मर्ना त्या पट्टीवर थांबली. त्या वर्षी तिचं मनगट दुखत होतं खरं. ती कुणाला बोलली नव्हती, डॉक्टरलासुद्धा नाही. शेवटची काठी सगळ्यात नवी होती. *मर्ना, २०१६. याहून मऊ बाजारात नाही.*

"दर हिवाळ्यात यायचा दुकानात," दारातून लाइल म्हणाला. "म्हणायचा, लाइल, माझ्या बायकोचा हात हलका आहे, तिला कळेल असं काही नवीन आलंय का? मी म्हणायचो, अरे, मासेच हुशार असतील. तर म्हणायचा, नाही, काठीचाच दोष आहे."

ऑर्विलने टोपी काढली आणि परत घातली. "घर सोडायचं मला काही वाटत नाही, मर्ना. हे एवढंच राहिलं. तुझ्या हाताला बसेल अशी काठी काही मला मिळाली नाही."

मर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणीस काठ्या! ज्या काठ्यांपायी तिने चव्वेचाळीस हिवाळे गाडीची काच खरवडली आणि नवऱ्याला शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त तिच्याच होत्या. आणि त्या चांगल्या काठ्यांवर बिचाऱ्याने इतकी वर्षं खोटा आळ घेतला होता. गप्प बसली असती तर निभावलं असतं. लाइलने काठ्या नेल्या असत्या, विषय संपला असता. पण ऑर्विल नव्या घरात खिडकीशी बसून, आपल्याला बायकोसाठी साधी काठी निवडता आली नाही, असं मनात धरून राहिला असता, आणि ते तिला बघवलं नसतं.

"लाइल, तुझी कॉफी गार होत असेल."

"माझ्याकडे कॉफी नाही."

"मग आत जाऊन घे. बिस्किटंही आहेत. सावकाश ये."

लाइल नाइलाजाने गेला. मर्नाने आमिषाची एक रिकामी बादली उपडी केली आणि ऑर्विलकडे पाठ करून तिच्यावर बसली. तोंडासमोर तोंड ठेवून महत्त्वाचं बोलायची आमच्या लोकांना सवय नाही. ऑर्विलला काय कळायचं ते कळलं असावं, कारण त्यानेही दुसरी बादली ओढली आणि पाठीला पाठ लावून बसला.

"ऑर्विल, जळवा खाणारे मासे नव्हते."

"मग कोण?"

"मी काढायचे. पाण्यात सोडून द्यायचे."

वळचणीवरून वितळलेल्या बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"सगळ्या?"

"एक्क्याण्णव साली एक काढायची विसरले. तू त्या दिवशी सांगत होतास, बस बर्फावरून घसरली तेव्हा मागे एकवीस मुलं होती आणि नंतर तुझे हात कसे थरथरत होते. घसरल्याला चार महिने झाले होते तेव्हा. घरी तू मला नुसतं 'रस्ता खराब होता' म्हणाला होतास. ऐकता ऐकता मी जळू विसरले."

"आणि तो मोठा?"

"मी दोरी सैल सोडली."

ऑर्विलच्या पाठीतून एक सुस्कारा गेला. "चौदा पौंडांचा होता."

"चार असेल."

"हं." मग, "का पण?"

आता ते कारण मोठ्याने म्हणायची वेळ आली होती. "परवान्यावर ठरलेले दोघांचे मासे पुरे झाले की तू मोटर सुरू करायचास. मी पण धरायला लागले असते तर आपण दहाला घरी. आणि घरी आलास की तू बोलत नाहीस, ऑर्विल. अडतीस वर्षं शाळेच्या बसमध्ये पोरांचा कलकलाट ऐकलास, तुला शांतता हवी, समजतं मला. घरी तू 'हं' म्हणतोस, 'बरं' म्हणतोस. नावेत बोलतोस. तुझे वडील शेतात पडले ते, कॅरिन घर सोडून गेली तेव्हा तुला काय वाटलं ते, सगळं मला नावेत कळलंय. काठ्यांचा काही दोष नव्हता. सगळ्या चांगल्या होत्या."

ती थांबली. बोलून झालं होतं, आणि तिला आता भीती वाटत होती.

"बरं," ऑर्विल म्हणाला. मग गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठला. "लाइलला हाक मार."

अठरा काठ्या त्याने स्वतः ट्रकमध्ये नेऊन ठेवल्या. पट्ट्या मर्नाने आधी सगळ्या सोडवून घेतल्या आणि विणकामाच्या पिशवीत तळाशी टाकल्या. तिने २००३ची करडी काठी ठेवून घेतली. सहा आणि एक, सात झाल्या. कपाटात आठवीला जागा होती, म्हणून ऑर्विल गुपचूप जाऊन ट्रकमधून मस्कीची काठी परत घेऊन आला.

"लागला तर?" तो म्हणाला, आणि मर्नाने पहिल्यांदा काही हुज्जत घातली नाही.

पण त्यानंतर तीन आठवडे त्याने तो विषय काढला नाही. नवं घर लागलं, पडदे लागले, ऑर्विल खिडकीशी बसून "हं" म्हणत राहिला. मे महिन्यात मासेमारी सुरू व्हायचा शनिवार जवळ आला, तशी मर्नाला झोप लागेना. त्याच्याइतका सरळ माणूस, त्याला चव्वेचाळीस वर्षं फसवलं. आता कशाला नेईल बरोबर? एकट्याचा परवाना काढला तर आपण काय म्हणणार? शुक्रवारी संध्याकाळी तिने त्याच्या कोटाच्या खिशात हळूच बघितलं. परवाना होता. त्यावर दोन नावं होती.

शनिवारी पहाटे केटल तळ्यावर वारा बोचरा होता. ऑर्विल मागे, मर्ना पुढे, गुडघ्यांवर घोंगडी. नाव थांबल्यावर त्याने करडी काठी घेतली, तिच्याकडे पाठ करून दोरीशी काहीतरी खुडबुड केली, बूच लांब फेकलं आणि काठी तिच्या हातात दिली. मग पाठ फिरवून आपली दोरी सोडली.

मर्ना काठी धरून बसली. तिला वाटलं, आज जळू तशीच राहू द्यावी, एकदा त्याच्यासाठी मासा धरावा. पण दोरी फारच हलकी लागत होती. तिने हळूच गुंडाळून वर घेतली. बुचाखाली शिशाची गोळी होती. गोळीखाली जळू नव्हती, आणि गळही नव्हता. दोरीचं टोक नीट कापून गाठ मारलेली होती.

तिने मागे वळून बघितलं. ऑर्विलची पाठ तशीच, टोपी कानांवर ओढलेली.

"बसमध्ये एक मुलगी होती," पाठ न वळवता तो म्हणाला, "तिसऱ्या बाकावर बसायची, रोज एक मांजर दप्तरात लपवून आणायची. तिची गोष्ट तुला कधी सांगितली का?"

मर्नाने ती दोनदा ऐकली होती.

"नाही," ती म्हणाली, आणि दोरी पाण्यात सोडून विणकाम काढलं.