आत्येला हवी असलेली सूट

सरकारला तोंडावर अरे-तुरे करणारी बाई गोव्यातल्या साऱ्या डिचोली तालुक्यात एकच, ती म्हणजे माझी मुळगावची आत्या. दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा पाव आकाराने आटू लागला, तेव्हा तिने भररस्त्यात त्याची सायकल धरून ठेवली आणि शेजारणींना एकेक पाव हातात घेऊन बघायला लावला. दुसऱ्या दिवसापासून वाड्यावर पाव गुबगुबीत येऊ लागले. बसचा कंडक्टर तर तिला लांबून पाहताच सुटे पैसे काढून ठेवी.

मग सरकारची एक योजना आली. जुना एसी द्या आणि वीज कमी खाणारा नवा सवलतीत न्या. खनिजाच्या ट्रकांची धूळ घरात येते म्हणून आत्या उन्हाळाभर खिडक्या लावून बसायची, आत नुसती भट्टी. एसी तिला खरोखरच हवा होता, पण द्यायला जुना कुठला? तरी डिचोलीच्या शिबिराला ती गेलीच, मलाही ओढत नेले. टेबलामागच्या तरुण साहेबाने विचारले, "आजी, जुनं मशीन कुठे आहे?" आत्येने पिशवीतून विणलेला हातपंखा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"ह्यो. वीज खायना, आवाज करिना. ह्याच्यार किती सूट?"

साहेब हसला, रांगही हसली. हे नियमात बसत नाही, असे त्याने समजावले.

"ज्यान इतकी वर्सां वीज जाळली ताका बक्षीस," आत्या म्हणाली, "आनी ज्यान राखली ताका नियम?"

रांगेतले हसू थांबले. "खरां सांगता ती," मागून एक बाई म्हणाली. साहेबाने वर फोन लावला, आत्येला खुर्ची दिली, चहा मागवला. सूट तेवढी दिली नाही. आत्येने चहा संपवला, "चाय बरी आसा, उत्तर बरां नाय," असे सांगून ती उठली, आणि पुढच्या प्रत्येक शिबिराला तोच प्रश्न घेऊन हजर राहिली. मी एसी घेऊन देतो म्हटले, तर म्हणाली, "तू कित्याक? माझां भांडण तुझ्याकडे नाय."

यंदा तिची छाती भरली. डॉक्टरांनी धूळ वर्ज्य सांगितली म्हणून तिला पेडण्याला आमच्याकडे आणले. दुपारी खोलीतला एसी लावला आणि ती काय बोलते याची वाट पाहत बसलो. तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली, "बरां वाटता रे," एवढेच म्हणाली आणि डोळे मिटले. तिने निदान एसीच्या आवाजावरून तरी हुज्जत घालावी, असे मला त्या दुपारी फार वाटत राहिले.