मधला तुकडा

तिला सगळे मावशी म्हणायचे, आणि ते नाव चेष्टेतूनच पडलं होतं. पहिल्यांदा ती लोकांसमोर वाजवायला उभी राहिली तेव्हा थेट दुकानातून गेली होती आणि मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती. विशीतली पोरं आपापल्या पाळीची वाट बघत ताटकळत बसली होती. त्यातलं एक म्हणालं, "काय मावशी, मापं घ्यायला आलात?" मावशीने टेप काढून पर्समध्ये ठेवली, हेडफोन चढवले आणि पुढचा तासभर त्या हॉलमध्ये एकालाही खाली बसू दिलं नाही. चेष्टा तिथेच संपली, नाव मात्र राहिलं. पुढे पोस्टरवरही 'डीजे मावशी' असंच छापून यायला लागलं.

दिवसा ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसायची. पँटी आखूड करणं, चेनी बदलणं, वजन वाढलेल्या गिऱ्हाइकाला न दुखावता कंबर सैल करणं. घरी आली की मागच्या खोलीत बसून गाणी कापायची.

"दिवसा कापडं, संध्याकाळी गाणी," सासूबाई म्हणायच्या. "बाईच्या हातातली कात्री काही सुटत नाही."

हे वेड लहानपणापासूनचं. थोरल्या भावाच्या कॅसेट प्लेअरवर ती गाण्यातला एकच तुकडा पुन्हा पुन्हा दुसऱ्या कॅसेटवर उतरवायची, बोट सतत पॉजच्या बटणावर. तिच्या आईला वाटायचं यंत्र अडकलं, म्हणून ती येऊन त्याला चापट मारून जायची. त्या चापटीसकट उतरलेली एक कॅसेट मावशीकडे अजून होती.

जुन्या गाण्यांत कधीकधी मध्येच सगळे थांबतात. गायक गप्प, गिटारवाला गप्प, आणि ड्रमवाला चार-सहा सेकंद एकटाच वाजवतो. मग बाकीचे परत येतात आणि गाणं पुढे जातं. त्या तेवढ्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. मावशी तो उचलायची, त्याचे आणखी बारीक तुकडे करायची, वेग वाढवायची, मागचा ठोका पुढे लावायची, खाली जाड बेस भरायची. उसवून पुन्हा शिवायचं, एवढंच. फक्त शिवण दिसू द्यायची, कारण नाचणारे तिच्यावरच नाचतात.

तिचा लाडका ब्रेक एकच होता. भंगारवाल्याकडे, भांडी हरवलेल्या मिक्सरांच्या ढिगाखाली तिला एक रेकॉर्ड सापडली होती. गाणं रडकं होतं. पण मधल्या तुकड्यात तो ड्रमवाला जिना उतरताना पायरी चुकावी तसा चुकायचा, आता पडणार असं वाटायचं, आणि एका इवल्याशा ठोक्याने स्वतःला सावरायचा. मावशीने त्यावर किती गाणी बेतली याचा हिशेब नव्हता. हे कुठून उचललं म्हणून बाकीचे डीजे तिच्या खांद्यावरून वाकून वाकून रेकॉर्डवरचं लेबल वाचायला बघायचे. तशी ही या धंद्यातली जुनीच रीत, आणि त्यावरचा उपायही जुनाच. मावशीने कटिंगच्या खाकी कागदाचा गोल कापून लेबलवर चिकटवून टाकला होता. त्या कागदाखाली काय आहे हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मागच्या खोलीतलं टेबल त्यानेच एका मोडीत निघालेल्या लिफ्टच्या पत्र्यापासून बनवलं होतं. रेकॉर्ड प्लेअरच्या शेजारी 'फक्त सहा व्यक्ती' असं अजून वाचता यायचं. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तरी प्रत्येक कार्यक्रमाला स्पीकर वाहून न्यायचा, वायरी जोडायचा आणि मागे केळी आणि थर्मास घेऊन उभा राहायचा. मात्र तो घसरणारा तुकडा त्याला ओळखू यायचा. कितीही कापला, कितीही वेगाने पळवला तरी यायचा. व्हॅन चालवताना स्टिअरिंगवर, दात घासताना बेसिनवर त्याची बोटं तेच वाजवायची.

"बायकोच्या कलेतलं मला एवढंच कळतं," तो लोकांना सांगायचा. "पण पक्कं कळतं."

एका विषयाला मात्र त्या घरात बंदी होती. तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील एका बँडबरोबर दुसऱ्या गावी वाजवायला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत. लग्नाआधी त्याने मावशीला हे एका वाक्यात सांगितलं होतं आणि पुढे म्हणाला होता, "झालं. आता हा विषय नको." मावशीनेही कानाला खडा लावला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई त्यांच्याकडेच राहायला आल्या, त्यांनीही तो विषय कधी काढला नाही.

मग मावशीचा कॉम्प्युटर बसला. जुने सगळे तुकडे त्यातच होते. आणि रविवारी वाचनालयामागच्या बागेत मोठा कार्यक्रम, तिला पहिल्यांदाच मुख्य स्टेज मिळालेलं. ब्रेक रेकॉर्डवरून नव्याने उतरवून घेणं आलं. हेडफोनची वायर तुटलेली, ते नवऱ्याने डाग द्यायला नेलेले. म्हणून त्या दुपारी तिने ती रेकॉर्ड स्पीकरवरच लावली, मूळ वेगाने, न कापता.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. थोड्या वेळाने त्या काठीशिवायच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय लावलंयस?"

"आवाज मोठा झाला का, आई? कमी करते."

"कमी नको करूस. परत लाव."

सासूबाईंनी आजवर 'बंद कर' पुष्कळदा म्हटलं होतं, 'परत लाव' कधीच नाही. मावशीने सुई मागे घेतली. सासूबाईंची बोटं दाराच्या चौकटीवर वाजायला लागली, आणि जिथे तो ड्रमवाला घसरायचा तिथे बोटंही घसरली. त्याच्या मागून नाही, त्याच्याबरोबरच.

"चमचे घेऊन टेबलाच्या कडेवर वाजवायचा," त्या म्हणाल्या. "सकाळी सकाळी. मी म्हणायची, अहो, त्या चमच्यांना पोचे पडतील. तर म्हणे, पडल्यासारखं करायचं आणि पडायचं नाही, सगळी गंमत त्यातच आहे."

"कोण म्हणायचं, आई?"

"कोण काय कोण? तुझा सासरा."

मावशीने सुई उचलली. ओलं फडकं आणून खाकी कागद भिजवला आणि नखाने हळूहळू सोडवला. खाली बँडचं नाव होतं आणि एका होडीचं चित्र. सासूबाईंचा चष्मा स्वयंपाकघरातच राहिला होता. त्यांनी रेकॉर्ड डोळ्यांजवळ धरली.

"हीच होडी. घरी एक आणली होती, मीच विकली रद्दीत."

"आता कुठे असतात ते?"

"गेला म्हणून मागे कुणीतरी सांगत आलं होतं. मी पंखे पुसत होते. ऐकून घेतलं आणि राहिलेले पंखे पुसले." त्यांनी रेकॉर्ड परत दिली. "त्याला सांगू नकोस गं."

"असं कसं, आई?"

"तुझ्या त्या धडाडधूममधलं माझ्या पोराला एवढंच आवडतं. तेही काढून घेणार आहेस का त्याचं?"

संध्याकाळी नवरा दुरुस्त केलेले हेडफोन घेऊन आला आणि हात धुता धुता बेसिनवर तेच वाजवायला लागला. सासू-सुनांनी एकमेकींकडे बघितलंही नाही.

मावशीला तो घास गिळवेना आणि थुंकवेना. सांगावं, तर पुढच्या वेळी त्या तुकड्यात नवऱ्याला ऐकू येणार तो सोडून गेलेला माणूस. न सांगावं, तर तो मागे केळं सोलत मान डोलावणार आणि आपण स्टेजवरून त्याला बघत राहणार, घरातल्या दोघींना ठाऊक असलेली गोष्ट एकट्या त्याला ठाऊक नसताना. शेवटी तिने कात्री चालवली. रविवारच्या कार्यक्रमातून तो ब्रेकच काढून टाकला आणि तिथे दुसरे बसवले. जुन्या कोटाची बाही काढून दुसऱ्या कोटाची लावली की कापड काखेत ओढ घेतं, तसं प्रत्येक गाणं ओढ घ्यायला लागलं. ती रोज बसून ते सैल करत राहिली.

रविवारी दुपारी बागेत चांगलं ऊन होतं. बाबागाड्यांसकट लोक नाचत होते. मावशीचं सगळं बेतशीर चाललं होतं. एका जागी तिची नजर मागे गेली. नवरा कठड्यापाशी उभा होता, उजवा हात उचललेला. याच जागी ते घसरणं यायचं. ते आलं नाही. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्याने तो खिशात घातला.

कार्यक्रम संपल्यावर दोघं व्हॅनमध्ये सामान भरत होते.

"छान झालं," तो म्हणाला.

"एवढंच?"

"अगं छानच झालं. ती टोपीवाली आजी बघितलीस ना, थांबायलाच तयार नव्हती." तो वायर गुंडाळायला लागला. "माझं नव्हतं आज."

"तुझं कुठलं?"

"ते पाय घसरायचं. जुनं झालं का ते? आता चालत नाही?"

हो म्हणाली असती तर त्याने विश्वास ठेवला असता. गाण्याच्या बाबतीत ती सांगेल ते त्याला खरं वाटायचं. त्यामुळेच तिच्या तोंडून ते 'हो' निघेना. व्हॅनच्या उघड्या दाराशी उभं राहून, एका स्पीकरवर हात ठेवून, तिने त्याला सगळं सांगितलं. भंगारवाला, होडी, टेबलाची कड, चमचे.

त्याची वायर गुंडाळून झाली होती. त्याने ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"आईला कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून. मलाही तेव्हाच कळलं."

"आणि तेव्हापासून तुम्ही दोघी..."

"हो. मूग गिळून बसलो होतो."

"मग आजच कशाला सांगितलंस?"

"तू 'माझं' म्हणालास म्हणून."

घरी येताना व्हॅन तोच चालवत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मावशीने हळूच त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि बोटं अगदी गप्प होती. आपण कुठलीच शिवण न राखता फाडलं, असं तिला वाटलं.

स्पीकर आत ठेवून झाल्यावर तो सरळ मागच्या खोलीत गेला आणि स्टुलावर बसला.

"लाव."

मावशीने रेकॉर्ड लावली. सवयीने सुई बरोबर मधल्या तुकड्यावर नेली.

"तिथून नको. पहिल्यापासून."

"पहिलं काही खास नाही रे. रडकं गाणं आहे."

"असू दे."

सुरुवात झाली. कुणी एक माणूस कुणा एकीला नदीवर बोलावत होता, आणि ती येत नव्हती यात तिची काही चूक वाटत नव्हती. इतक्या वर्षांत आपण हे गाणं सलग कधी ऐकलंच नाही, हे मावशीच्या तेव्हा लक्षात आलं.

"यात तो कुठे आहे?" नवऱ्याने विचारलं.

"मागे. ऐकू येतंय का? टक... टक..."

"नाही गं."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गाण्यामागचा साधा ठेका बोटाने दाखवत राहिली. बराच वेळ तो कान देऊन बसला. मग मान हलवली.

"हा होय? एवढंच करतोय?"

"एवढंच. बाकीचे भरकटू नयेत म्हणून धरून ठेवतो."

"धरून ठेवतो," तो म्हणाला आणि नाकातून हसला. पण तिच्या हाताखालून गुडघा काढून घेतला नाही.

सासूबाई दारात आल्या. "मला न सांगताच सुरू केलंत?" म्हणाल्या, आणि इस्त्रीचे कपडे बाजूला सारून खुर्चीत बसल्या. मुलाने आईकडे बघितलं, आईने मुलाकडे. 

मधला तुकडा आला. तिघंही हलली नाहीत. तो माणूस घसरला, सावरला, आणि गायक परत आला. मावशी एरवी इथेच सुई उचलायची. आज तिने पहिल्यांदा पुढचं ऐकलं. एकट्याने एवढी करामत करून झाल्यावर तो ड्रमवाला मुकाट्याने सगळ्यांच्या मागे जाऊन पुन्हा तेच टक... टक... वाजवायला लागला होता. नवरा शेवटपर्यंत त्याच्याच मागे मागे होता. आता त्याला दाखवावं लागत नव्हतं. गाणं विरत गेलं तसा तो पुढे वाकला, कारण शेवटी शेवटी गायकाचा आवाज आधी संपला आणि ठोके तेवढे थोडे मागे राहिले.

रेकॉर्ड रिकामीच फिरायला लागली.

"दुसऱ्या बाजूला काय आहे?" त्याने विचारलं.

"मी कधी लावलीच नाही."

"लावू नका," सासूबाई म्हणाल्या. "त्या बाजूला तो नाहीये. दुसऱ्याच कुणाला तरी बसवलं. रेकॉर्डिंगला हा पोचलाच उशिरा."

"का?"

"का काय? मोजे सापडेनात. सगळं घर डोक्यावर घेतलं, माझ्याशी भांडला, शेवटी तसाच बूट घालून गेला." त्यांनी मांडीवरच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "नंतर बघते तर तुझ्या उशीखाली."

"माझ्या?"

"चार वर्षांचा होतास. दोन्ही मोजे, नीट घडी करून."

त्याला हसू यायला लागलं, ते त्याने अर्ध्यावरच थांबवलं आणि तळहाताने तोंड पुसलं, मग डोळे. मावशीने फिरणारी रेकॉर्ड थांबवली आणि उलटावी की काढून ठेवावी ते न कळून दोन्ही हातांनी कडा धरून उभी राहिली.

"मग हीच बाजू लाव परत," तो म्हणाला. "पहिल्यापासून लाव."

तिने रेकॉर्ड खाली ठेवली आणि सुई अगदी बाहेरच्या रेघेवर टेकवली.