कर्नलमधले दशांश

कर्नलमध्ये दशांश वापरायचे नसतात, हे मला माहीत होतं. तरी मी वापरले.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चादरीवर नक्षी विणणाऱ्या मागाला आमच्या कंपनीने छोटा संगणक बसवला होता. नक्षी तिथलेच एक मामा काढायचे. साठीचे, तेलुगू घरातले; आधी चौकटीच्या कागदावर काढायचे, मग हट्टाने स्क्रीनवर शिकले. चादर किती पुढे सरकली हे मोजणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी लिहिलेला. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालायचा. तिथं हिशेब पूर्णांकांतच करायचा असतो. मला मात्र अडीच मिलिमीटर अडीचच लिहायचे होते. कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने नकार दिला, तेव्हा मी इंटरनेटवर तपासणी बंद करणारा एक फ्लॅग शोधला आणि त्याचं तोंड बंद केलं.

थोड्याच दिवसांत नक्षीतल्या मोरांच्या माना मोडायला लागल्या. रोज नाही, मध्येच एखाद्या चादरीत. एकदा मी तिथं असतानाच मालकाने माग थांबवले, कामगार गोळा केले आणि तसली एक चादर मामांच्या अंगावर फेकली.

"डोळे फुटले काय रे म्हाताऱ्या?"

"मालक, मी असं काढलं न्हाय. फाइल बघा की." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमचं मशीन एकदा तपासा की."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चोवीस वर्षांची होते. म्हणाले, "मशीन चुकत नसतं मामा, माणूस चुकतो."

कुणीतरी हसलं. मामांना त्याच दिवशी कामावरून काढलं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात तसाच संगणक चालवून बघताना मला चूक सापडली. नक्षीचा प्रोग्राम दशांशांत आकडेमोड करत असताना माझा ड्रायव्हर मध्येच घुसायचा, प्रोसेसर चालू हिशेबाचे आकडे ज्यांत ठेवतो त्याच रजिस्टरांत स्वतःचे आकडे लिहायचा आणि निघून जायचा. आधीचे आकडे कर्नल आपणहून जपून ठेवत नाही. प्रोग्रामला काही कळायचं नाही. तो चुकीच्या आकड्यावरून पुढे मोजत राहायचा. माझं मोजमाप मात्र अचूक यायचं.

आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्ती अपडेट म्हणून टाकून ये. तिथं तोंड उघडू नकोस." त्यांनी बजावलं नसतं तरी मी उघडलं नसतं.

कारखान्यात अपडेट टाकून झाल्यावर मालकाने चहा मागवला. मागावर मामांच्याच जुन्या फायली चालू होत्या.

"बघा मॅडम, म्हाताऱ्याला काढलं आणि मोर कसे सरळ झाले."

"हो," मी म्हणाले.

वर्षभराने मामा शेजारच्या कारखान्याच्या गेटपाशी भेटले. तिथं ते टॉवेलांच्या घड्या घालत होते.

"आता बरोबर चालतंय का, ताई?"

"हो."

"डोळे दाखवले मी. डॉक्टर म्हणतो, काय न्हाय. पण असंल की काहीतरी."

मी स्कूटी चालू केली. "दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, मामा," म्हणाले.