काळी चारचे बुवा

वय वाढलं की गाणाऱ्याचा आवाज उतरतो, हा नियम साऱ्या जगाला लागू असेल, पण मीरा रोडला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या बुवांना तो मान्य नव्हता. गुडघे गेले, कवळी बसली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. "पट्टी मात्र काळी चार! रत्नागिरीहून आलो तेव्हा काळी चार, आजही काळी चार," हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. एकदा नव्याने राहायला आलेल्या बाईंनी, "अंकल, चार दबाऊं?" म्हणून चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. आम्ही सातव्यावर राहतो.

आवाज राखण्यासाठी बुवा घरीदारी कुजबुजतच बोलत. "देवाने आवाज मोजून दिलाय. तो भाजीवाल्यावर कशाला खर्चायचा?" हे त्यांचं गणित. त्यामुळे भाजीवाल्याशी भांडण्याचं काम त्यांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बुवांनी रंगकामाला कुजबुजत विरोध केला. सेक्रेटरीने तो होकार धरला आणि इमारत गुलाबी झाली.

आता खरी गोष्ट. आमच्या भजनी मंडळात गातात बुवा, पेटी वाजवतात काकू, आणि ती पेटी स्केलचेंजर आहे. म्हणजे खुंटी डावीकडे ओढली की पट्ट्यांची अख्खी रांग सरकते. बोट काळी चारवरच दिसतं, सूर मात्र खालचा निघतो. बुवांचा आवाज जसजसा उतरत गेला, तसतशी काकू भजनाआधी खुंटी थोडी अधिक डावीकडे ओढत, आणि भजन संपलं की परत जागेवर आणत. मंडळात हे सगळ्यांना माहीत, बुवा सोडून. मी झांजवाला. मात्रांच्या हिशेबात खोट मला चालत नाही, पण या बाबतीत मीही गप्प. बुवा काकूंच्या बोटाकडे बघत, मान डोलावत आणि खुशाल गात.

गेल्या माघात चेणे गावच्या देवळात आमचं भजन ठरलं आणि नेमकी काकूंची बोटं सुजली. पेटी जेमतेम येते असा दुसरा माणूस मीच. निघण्याआधी काकूंनी मला जिन्यात गाठलं. "बसायच्या आधी खुंटी सरकव हं. चार सूर. त्यांना कळलं तर ते गाणंच सोडतील रे."

मी मोजून चार सूर सरकवली. उजवीकडे.

बुवांनी पहिला सूर लावला आणि देवळातल्या पोरांचा दंगा थांबला. कपाळाची शीर फुगली, आवाज वर जाऊन चिरला. पखवाजवाला माझ्याकडे बघायला लागला. बायकांच्या रांगेत काकूंनी तोंडावर पदर घेतला. आता सगळं उघडं पडणार!

बुवा थांबले. खोकले. तांब्या घेण्यासाठी पेटीवरून वाकले आणि उपरण्याच्या आडून, न बघता, खुंटी सर्रकन डावीकडे नेली. बरोब्बर काकूंच्या जागेवर. पाण्याचा घोट घेतला आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "उलटी ओढलीस, गाढवा. हिला बोलू नकोस. माझ्यापासून लपवण्यात तिची इतकी वर्षं गेलीत."

मग ते गायले. आवाज जुना, जरा खरखरीत, कडेला विरलेला. पण मला तो त्या दिवशी जास्त आवडला. का, ते आकड्यात सांगता येणार नाही.

घोडबंदर रोडवर रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. बुवांचा डोळा लागला होता, निदान मिटलेला तरी होता. काकूंनी हळूच विचारलं, "त्यांना कळलं नाही ना रे?"

"नाही, काकू."

"बाई गं, सुटले!"

गावाने बुवांना मानाचा नारळ दिला होता. सातव्या मजल्यावर आल्यावर त्यांनी तो काकूंच्या सुजलेल्या हातांत ठेवला आणि कुजबुजले, "पेटीवाल्याचा मान."

पेटी मी वाजवली होती. मी ती आत नेऊन ठेवली आणि खुंटी परत जागेवर आणली.